दुर्मीळ शब्दांच्या याद्या जरा थांबू द्या

इंग्रजी शिकणारे बरेच जण ‘रोज दहा नवे शब्द’ पाठ करतात आणि त्यांतले बहुतेक क्वचितच भेटणारे असतात. मेहनत चुकीच्या जागी खर्ची पडते. एकेकाळी बंगालमध्ये काम केलेले इंग्रजी-शिक्षणतज्ज्ञ मायकेल वेस्ट यांनी १९५३ साली सुमारे २,००० नित्याच्या शब्दांची यादी प्रसिद्ध केली. विद्यापीठीय लेखनातलाही जवळपास तीन चतुर्थांश मजकूर त्याच शब्दांचा असतो! २००० साली भाषा-संशोधक ॲव्हरिल कॉक्सहेड यांनी त्यापलीकडची ५७० शब्दकुटुंबं (मूळ शब्द आणि त्याची साधित रूपं मिळून एक कुटुंब) निवडली; ती अशा लेखनाचा आणखी दहाएक टक्के भाग व्यापतात.

‘पण अर्थ तर उरलेल्या शब्दांतच असतो ना?’ बऱ्याच अंशी खरंय. शब्दसंग्रहाचे अभ्यासक पॉल नेशन यांच्या हिशेबाने कादंबरी किंवा वर्तमानपत्र विनासायास वाचायला आठ-नऊ हजार शब्दकुटुंबं लागतात. मात्र पायाभूत शब्दांनंतर निवड आपल्या विषयावरून करावी. नर्सिंगच्या विद्यार्थिनीला कायद्याची परिभाषा कशाला? शिवाय वाचताना ओळखू येणारा शब्दसाठा आणि बोलताना सुचणारा साठा वेगळे, दुसरा बहुधा लहानच. दुर्मीळ शब्द ओळखता आले तरी पुरे. ‘गेट’, ‘टेक’, ‘मेक’ यांच्या नाना छटा मात्र जिभेवर हव्यात, आणि नेमक्या त्याच ‘सोप्या’ म्हणून सोडून दिल्या जातात.