कॉलेजच्या वाय-फायसाठी ‘डू नॉट व्हॅलिडेट’ सापडत नाही? फोन खराब नाही, माहिती जुनी आहे!

माझी बहीण वसईतल्या एका कॉलेजात शिकते. जूनमध्ये तिने नवा फोन घेतला आणि कॉलेजचं वाय-फाय काही केल्या जोडेना. नोटीस बोर्डावरचा कागद सांगत होता, “सीए सर्टिफिकेटमध्ये डू नॉट व्हॅलिडेट निवडा.” फोनमध्ये तो पर्यायच नव्हता! “दादा, फोनच खराब निघाला,” म्हणत ती तो दुकानात परत द्यायला निघाली. मला वाटलं, पाच मिनिटांचं काम. त्यात दोन रविवार गेले.

हे वाय-फाय वेगळं कसं?

घरच्या वाय-फायला सगळ्यांचा एकच पासवर्ड असतो. कॉलेजात किंवा ऑफिसात बऱ्याचदा प्रत्येकाचं वेगळं युजरनेम आणि पासवर्ड असतो. तो बरोबर आहे का, हे राउटर स्वतः ठरवत नाही. तो मागे असलेल्या रेडियस सर्व्हरला विचारतो. रेडियस ही डायल-अप इंटरनेटच्या काळातली पद्धत. त्यासाठी जगभर वापरलं जाणारं मोफत सॉफ्टवेअर म्हणजे फ्रीरेडियस.

जुना लॅपटॉप, त्याहून जुनी गाइड

कॉलेजच्या सर्व्हरला हात लावणं शक्य नव्हतं. म्हणून विरारला घरी जुन्या लॅपटॉपवर लिनक्स टाकलं आणि फ्रीरेडियस बसवलं. गाइड म्हणाली, ‘ईएपी डॉट कॉन्फ’ फाइल उघडा. फाइलच नाही! दुसऱ्या गाइडमध्येही तेच. मग मीच ती फाइल बनवून ओळी पेस्ट केल्या, इकडेतिकडे बदल केले आणि सर्व्हर सुरूच होईना.

शेवटी आवृत्ती तपासली. दोन्ही गाइड आवृत्ती 2 च्या होत्या, माझ्याकडे होती 3. आवृत्ती 3 आली 2013 मध्ये आणि तिने फाइलींची मांडणीच बदलली. तीच सेटिंग्ज आता ‘मॉड्स-अव्हेलेबल’ फोल्डरमधल्या ‘ईएपी’ फाइलमध्ये असतात. सगळं पुसून नव्याने बसवलं. फाइलींमध्येच लिहिलेल्या सूचना वाचल्या, कारण त्या त्याच आवृत्तीच्या असतात. एका वेळी एकच बदल केला आणि सर्व्हर डिबग मोडमध्ये चालवला. कुठल्या ओळीवर अडलंय, ते तो स्वतःच सांगतो.

मग तो पर्याय गेला कुठे?

सर्व्हर आपल्याला ओळखतो, तसं फोननेही सर्व्हरला ओळखायला हवं. सर्टिफिकेट त्यासाठीच असतं. ‘डू नॉट व्हॅलिडेट’ म्हणजे समोर कोण आहे ते बघूच नकोस! समजा, कुणी वसई रोडच्या फलाटावर तुमच्या कॉलेजच्या नावाचं खोटं वाय-फाय सुरू केलं. खिशातला फोन आपोआप त्याला जोडायला जाईल आणि तुमचा पासवर्ड, किंवा तो फोडता येईल इतकी माहिती, त्याच्या हाती पडेल. म्हणून अँड्रॉइड 11 च्या डिसेंबर 2020 च्या अपडेटमध्ये पिक्सेल फोनवरून हा पर्याय काढला. पुढे इतर अनेक फोनांवरूनही तो गेला. कॉलेजचा कागद मात्र तिथेच राहिला.

तुम्ही काय कराल?

1. कॉलेजच्या कॉम्प्युटर विभागाला दोनच गोष्टी विचारा: सर्टिफिकेट कुठलं आणि डोमेन काय?
2. सर्टिफिकेट नेहमीच्या मान्यताप्राप्त संस्थेचं असेल, तर ‘यूज सिस्टम सर्टिफिकेट्स’ निवडा आणि डोमेन अचूक टाका. कॉलेजचं स्वतःचं असेल, तर त्यांच्याकडूनच फाइल घेऊन फोनमध्ये टाका.
3. अँड्रॉइड 13 पासून पुढे ‘ट्रस्ट ऑन फर्स्ट यूज’ दिसू शकतं. ते वापरायचं तर पहिल्यांदा कॉलेजातच जोडा आणि दिसणारी माहिती विभागाकडून पडताळून घ्या.
4. जुन्या फोनमध्ये ‘डू नॉट व्हॅलिडेट’ अजून दिसत असलं, तरी निवडू नका.
5. कुठलीही गाइड वाचताना आधी तारीख आणि आवृत्ती बघा, मगच हात लावा.

बहिणीने विभागातल्या सरांना डोमेन विचारलं आणि फोन लगेच जोडला गेला. सरांनी जुना कागदही काढून टाकला. नव्या कागदावर खाली तारीख आहे. तुमच्या कॉलेजच्या कागदावर आहे का? उद्या जाऊन बघाच!