धारवाडचा अर्ज आणि शिक्षणाचा अधिकार

'सरकारी शाळा सर्वांस खुली आहे' या वाक्याचा अर्थ कसा ठरत गेला, हें पहावयाचें असल्यास १८५६ सालचें धारवाडचें प्रकरण अवश्य वाचावें. त्या वर्षीं जून महिन्यांत एका महार मुलाच्या वतीनें मुंबई सरकारकडे अर्ज गेला, कीं धारवाडच्या सरकारी शाळेंत त्यास प्रवेश मिळत नाहीं. न्याय अर्जदाराच्या बाजूस आहे, हें सरकारनें मान्य केलें. परंतु एकट्या मुलासाठीं इतर जातींचीं मुलें शाळा सोडतील, या भीतीनें त्यास प्रवेश देवविला नाहीं. बंगाल इलाख्यांत असा नकार मिळाला नसता, असें हिंदुस्थान सरकारनें १८५७ सालीं कळविलें. आणि १८५८ सालीं कंपनीच्या संचालक मंडळानें सरकारी शाळा सर्व वर्गांसाठीं आहेत, असा निर्वाळा दिला.

येथें मीमांसकांचा 'अधिकार' हा शब्द उपयोगी पडतो. अधिकारास अर्थित्व म्हणजे इच्छा, सामर्थ्य म्हणजे कुवत आणि अपर्युदस्तत्व म्हणजे निषेध नसणें, या अटी प्रमुख होत. धारवाडच्या मुलाचें अर्थित्व अर्जानेंच सिद्ध होतें. १८५८ च्या निर्णयानें निषेध गेला, पण तो कागदावरून. गांवची शाळा बहुधा देवळांत, चावडींत अथवा कोणाच्या ओसरीवर भरे. तेथें जागेच्या मालकाचा आणि गांवाचा शब्द सरकारी ठरावाहून जड ठरे. १८८२ च्या हंटर कमिशननें तत्त्व पुन्हां उच्चारलें, परंतु सबुरीचा सल्ला देऊन निराळ्या शाळांचीही वाट ठेविली.

पुढील पावलें म्हणूनच महत्त्वाचीं. १९१७ सालीं कोल्हापुरांत शाहू छत्रपतींनीं प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचें केलें. त्यानें सामर्थ्याची अट हलकी झाली. १९१९ सालीं त्यांनीं अस्पृश्यांच्या निराळ्या शाळा बंद करून तीं मुलें सर्वांच्या शाळांत घेण्याचा हुकूम काढला. अस्पृश्य मुलांस प्रवेश नाकारणाऱ्या संस्थेस अनुदान मिळणार नाहीं, असें मुंबई सरकारनें १९२३ सालीं ठरविलें. अखेर १९५० सालीं अमलांत आलेल्या संविधानाच्या २९ व्या अनुच्छेदानें, सरकारी वा अनुदानित शाळेंत केवळ धर्म, वंश, जात वा भाषा या कारणांवरून प्रवेश नाकारण्यास बंदी केली.

आमच्या मतें यावरून अभ्यासकानें एवढा बोध घ्यावा, कीं ठरावाची तारीख ही प्रवेशाची तारीख नव्हे. एखाद्या गांवच्या शिक्षणाचा इतिहास लिहितांना ठरावाबरोबर हजेरीपटही पहावा. आणि पटावर नांव असलेलें मूल वर्गांत बसत होतें कीं ओसरीवर, हेंही विचारावें.