गालिच्याखालची जमीन

पर्युषण पर्व आटोपले की नाहूरच्या व्यापारी कुटुंबांत डागडुजीचे वारे वाहू लागतात. दिवाळीचे वहीपूजन नव्याने सजलेल्या पेढीवर व्हावे, पाहुण्यांच्या स्वागताला दिवाणखान्यात गालिचा असावा, ही इच्छा स्वाभाविकच असते. जुनी फरशी उखडण्याऐवजी तिच्यावरच व्हिनाइल अथवा गालिचा बसवण्याचा मार्ग मग अनेकांना सोयीचा वाटतो. काम थोड्या दिवसांत उरकते, राडारोडा होत नाही, शेजाऱ्यांनाही त्रास नसतो. परंतु आच्छादनाचे आयुष्य त्याच्या भावावर जितके अवलंबून असते, त्याहून अधिक ते खालच्या जमिनीच्या तयारीवर असते आणि सणाच्या घाईत नेमकी तीच तयारी वगळली जाते.

भांडुप आणि मुलुंड यांच्या मधोमध वसलेल्या नाहूरच्या पश्चिमेला राष्ट्रीय उद्यानाचे डोंगर, तर पूर्वेला ठाण्याची खाडी आहे. मुंबई उपनगरांत वर्षाकाठी दोन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो आणि त्यातील बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. त्यामुळे तळमजल्यावरील गाळ्यांची जमीन वर्षातील सर्वाधिक ओलावा धरून असते ती दिवाळीच्या तोंडावरच. वरच्या मजल्यांवर जमिनीची ओल येत नसली, तरी मोरीची गळती किंवा भिंतीत दडलेली फुटकी नळी तेच काम करते.

उघड्या फरशीतून ही ओल हवेत निघून जाते. व्हिनाइल मात्र तिला अडवते. मग खालचा गोंद सुटतो, पृष्ठभागावर फुगे येतात, सांध्यांच्या कडा उचलल्या जातात. गालिच्याखाली बुरशी धरते, कुबट वास येतो आणि कीटकांची वाढ होते. ते हटवण्यासाठी पुढे फवारणीची वेळ येणे अहिंसेचे व्रत सांभाळणाऱ्या घराला क्लेशदायकच ठरते. ओल आधीच रोखली, तर तो प्रसंग उद्भवत नाही.

ओल तपासण्याची एक साधी रीत आहे. सुमारे दीड फूट लांबी-रुंदीचा जाड, पारदर्शक प्लास्टिकचा तुकडा जमिनीवर ठेवून चारही कडा चिकटपट्टीने पक्क्या बंद कराव्यात आणि किमान सोळा तास तो हलवू नये. नंतर प्लास्टिकच्या आतील बाजूस पाण्याचे थेंब दिसले किंवा खालची जमीन काळपट झाली, तर काम थांबवावे. ही परीक्षा एकाच जागी न करता मोरीजवळ, बाहेरच्या भिंतीलगत आणि खोलीच्या मध्यभागीही करावी. तुकडा कोरडा निघाला तरी ती पूर्ण हमी नव्हे. मोठ्या खर्चाचे काम असेल, तर आर्द्रतामापक यंत्राने मोजणी करून घेणे श्रेयस्कर. जमिनीतील सापेक्ष आर्द्रता ७५ टक्क्यांच्या आत असावी, हा ब्रिटिश मानकातील दंडक अनेक ठिकाणी पाळला जातो. नवा कोबा घातला असेल, तर अनुकूल हवेत तो दिवसाला साधारण एक मिलिमीटर या गतीने वाळतो. म्हणजे ४० मिलिमीटर जाडीच्या कोब्याला किमान ४० दिवस, आणि दमट हवेत त्याहूनही अधिक.

ओलीनंतर सपाटीचा विचार. दोन मीटर लांबीची सरळ अ‍ॅल्युमिनियमची पट्टी जमिनीवर सर्व दिशांना फिरवावी. पट्टीखाली तीन मिलिमीटरांपेक्षा अधिक फट दिसली, तर ती जागा खडूने आखून ठेवावी. व्हिनाइलची जाडी अनेकदा दोन-तीन मिलिमीटरच असते. त्यामुळे लाद्यांचे सांधे आणि पाडलेल्या भिंतीची उरलेली कड काही महिन्यांत वर उमटतात. गालिच्याखालचा फोम बारीक खडबडीतपणा झाकतो, उंचवटा नव्हे. तेथे गालिचा लवकर झिजतो आणि वयोवृद्धांचा पाय अडखळण्याचा धोका राहतो.

दुरुस्तीलाही क्रम आहे. लाद्यांवर ठोकून पाहावे. पोकळ आवाज आल्यास ती लादी काढून पुन्हा पक्की बसवावी. उंचवटे घासून उतरवावेत. तेल, मेण आणि जुना गोंद खरवडून काढावा. धूळ पूर्ण निघाल्यावर प्राइमर लावावा आणि मगच सिमेंटचे स्वयंसमतल मिश्रण ओतावे. पिशवीवर लिहिलेले पाण्याचे प्रमाण काटेकोर पाळावे. पाणी वाढवल्यास मिश्रण सहज पसरते, पण वरचा थर भुसभुशीत होतो. खळगे भरण्यासाठी प्लास्टर ऑफ पॅरिस वापरण्याची सवय सोडावी. ओल लागताच ते मऊ पडते. हे मिश्रण ओल अडवत नाही, हेही ध्यानी ठेवावे. गळती असेल तर आधी तिचे मूळ शोधावे; जमिनीतूनच ओल येत असेल, तर ओलरोधक थर वेगळा द्यावा लागतो.

जुन्या इमारतीत संपूर्ण खोलीची पातळी उचलायची असेल, तर वजनाचा हिशेब आवश्यक आहे. २५ मिलिमीटर जाडीचा सिमेंटचा थर चौरस मीटरला सुमारे ५० किलो भरतो. ३०० चौरस फुटांच्या खोलीत तो जवळपास १,४०० किलो होतो. एवढा भार स्लॅबवर टाकण्यापूर्वी बांधकाम अभियंत्याचा सल्ला घ्यावा. पातळी वाढल्यावर दारे उघडतील ना, हेही मोजावे.

वहीपूजनाची तिथी वर्षभर आधीच ठाऊक असते. तेव्हा ओलीची तपासणी, दुरुस्ती आणि वाळण्याचे दिवस यांची गणना तिथीपासून मागे करावी. दिवस अपुरे पडत असतील, तर यंदा जुनी फरशी स्वच्छ करून सण साजरा करावा आणि कोरड्या हवेत, फेब्रुवारी-मार्चमध्ये, काम हाती घ्यावे. कंत्राटदाराच्या अंदाजपत्रकात ‘फ्लोअरिंग’ अशी एकच रक्कम न स्वीकारता ओलीची तपासणी, सपाटीकरण, ओलरोधक थर आणि आच्छादन यांच्या रकमा वेगवेगळ्या लिहून घ्याव्यात. कोणती पायरी गाळली गेली, हे मग सही करण्यापूर्वीच लक्षात येते.