निळीचा रेणू आणि चंपारणचे कूळ

घरातल्या मुलांच्या जीन पँटचा निळा रंग बहुधा निळीचा, म्हणजे इंडिगोचा असतो. एकेकाळी तो झाडाच्या पानांतून निघे. आज बहुतांशी कारखान्यात बनतो. जर्मन रसायनशास्त्रज्ञ आडोल्फ फोन बायर यांनी १८८३ मध्ये त्याच्या रेणूची रचना उलगडली: बेंझीनची दोन वलये आणि प्रत्येकाला जोडलेला एक नायट्रोजन व एक कार्बोनिल गट. नीळ पाण्यात विरघळत नाही. अल्कधर्मी द्रावणात कार्बोनिल गटांचे क्षपण केले, की ती विरघळते, धाग्यात शिरते आणि हवा लागताच पुन्हा निळी होते. ही किमया रंगाऱ्यांना शतकानुशतके ठाऊक होती. तिचे कारण मात्र उशिरा कळले.

१८९७ मध्ये बीएएसएफ या जर्मन कंपनीने कृत्रिम नीळ बाजारात आणली आणि झाडाच्या निळीचे भाव कोसळले. बिहारात चंपारणच्या कुळांवर वीस कठ्ठ्यांमागे तीन कठ्ठे नीळ लावण्याची ‘तीनकठिया’ सक्ती होती. धंदा बुडू लागला, तेव्हा ती सक्ती उठली पाहिजे होती. पण गोऱ्या मळेवाल्यांनी सुटकेची किंमत लावली: वाढीव खंड, नाहीतर रोख रक्कम. शोध लागला जर्मनीत, भुर्दंड पडला कुळावर! १९१७ मध्ये गांधीजी चंपारणला गेले आणि १९१८ च्या कायद्याने तीनकठिया संपली.

रेणू कसा जुळतो, हे निसर्ग ठरवतो. त्या शोधाचा तोटा कोणी सोसायचा, हे मात्र माणसेच ठरवतात.