विहिरीच्या दगडातली पांढरी चमक

नाशिक परिसरात विहीर खणली की निघतो तो काळा पाषाण, म्हणजे बेसॉल्ट. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्यापासून तो बनला. पांडवलेणी याच खडकात कोरलेली आहेत आणि आपला पाटा-वरवंटाही बहुधा याचाच. लाव्हा थिजताना वायूचे बुडबुडे आत अडकले आणि पोकळ्या राहिल्या. पुढे त्यांत झिरपलेल्या खनिजयुक्त पाण्यातून स्फटिक वाढले.

त्यामुळे फोडलेल्या दगडात काही पांढरे चमकताना दिसले, तर ते कॅल्साइट, गारगोटी की झिओलाइट, हा प्रश्न घरीच बराचसा सुटतो. आधी स्टीलच्या सुरीचे टोक ओढून पाहा. गारगोटीवर चरा पडत नाही, उलट तीच काचेवर ओरखडा काढते. फ्रीडरिश मोस यांच्या 1812 च्या कठीणतेच्या क्रमात ती 7 वर आहे, कॅल्साइट 3 वर. चरा पडला, तर थोडी भुकटी करून त्यावर व्हिनेगर टाका. बुडबुडे आले तर बहुधा कॅल्साइट. काहीच झाले नाही आणि स्फटिक गव्हाच्या पेंढीसारखे मध्ये आवळलेले, मोतिया चमकेचे असतील, तर तो स्टिल्बाइट हा झिओलाइट असण्याची शक्यता मोठी. रंगावर मात्र विसंबू नका. तोच सर्वाधिक फसवतो.

अस्सल नमुने पाहायचे, तर सिन्नरचे गारगोटी संग्रहालय गाठा. दगड मात्र विहिरीच्या किंवा खाणीच्या राडारोड्यातूनच, मालकाला विचारून उचला. लेण्यांच्या आणि किल्ल्यांच्या भिंतींना हातोडी लावू नका.