यमुनेचं दुसरं लग्न

फाल्गुन-चैत्रात वसमतच्या आमच्या घराची ओसरी पिवळी होऊन जायची. शिजवून वाळवलेली हळद पोत्यांतून यायची आणि कांडी एकीकडे, गट्टू दुसरीकडे असं निवडत बायका दुपारभर बसायच्या. त्यांत माझी आत्या असे. बाविसाव्या वर्षी कपाळ पुसून ती माहेरी आलेली. मनगटापर्यंत पिवळी झालेली आत्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मात्र माजघरातून बाहेर यायची नाही. तिला तसं कोणी सांगितलेलं मला आठवत नाही. सांगावं लागतच नसे.

तेव्हा वसमत परभणी जिल्ह्यात होतं. हिंगोली जिल्हा व्हायला १९९९ उजाडावं लागलं. शेजारी दवाखान्यातल्या एक सिस्टरबाई राहायच्या, नगरकडच्या, ख्रिस्ती. त्यांची बहीण परदेशातून त्यांना इंग्रजी कादंबऱ्या पाठवायची. मुखपृष्ठावर गवताळ माळ, मोठ्या झग्यातली बाई आणि लांबवर एक घोडागाडी. दुपारची ड्यूटी नसली की सिस्टरबाई ओसरीवर टेकायच्या आणि गोष्ट सांगायच्या. एका दुपारी त्यांनी मार्टीची गोष्ट काढली. नवऱ्याबरोबर नव्या मुलखात निघालेली मार्टी वाटेतच विधवा होते. नवऱ्याला मूठमाती दिली त्याच दिवशी क्लार्क नावाचा एक विधुर तिला लग्नाचं विचारतो. पाद्री आज इथे आहे, पुन्हा कधी येईल याचा नेम नाही, आणि त्याच्या पोरीला आई हवी. मार्टी हो म्हणते.

आत्याचे हात थांबले. ‘त्याच दिवशी?’ तिनं विचारलं. मग थोड्या वेळानं, ‘आणि कुंकू कोणी लावलं?’

सिस्टरबाई म्हणाल्या, ‘त्यांच्यात नसतं ओ ताई.’ आत्या म्हणाली, ‘असं होय,’ आणि पुन्हा निवडायला लागली.

ती गोष्ट जॅनेट ओक या कॅनेडियन लेखिकेची, ‘लव्ह कम्स सॉफ्टली’, १९७९ची. पुढे तिच्या वाटेनं अशा कादंबऱ्यांचा पूरच आला. त्याआधी ग्रेस लिव्हिंग्स्टन हिल (१८६५–१९४७) या बाईंनी शंभराहून अधिक कादंबऱ्या लिहून ठेवल्या होत्या. या जातीच्या पुस्तकाचे नियम वाचकाला पाठ असतात. काळ जुना, नायिका संकटात, नायक सज्जन पण अबोल, दोघांच्या मध्ये देव, आणि चुंबन असलंच तर शेवटच्या पानांवर. मी यांना सोवळ्या प्रेमकथा म्हणते. कॉलेजात असताना मी त्या चोरून वाचल्या, नोकरी लागल्यावर उघड. त्यांत साहित्य फार नसतं, हे मलाही कळतं. पण एक गोष्ट मला सतावू लागली. या कादंबऱ्यांना विधवा इतकी का लागते? आणि मराठीत हे कधी झालंच नाही का?

झालं होतं. उत्तर अमेरिकेतल्या या बायकांच्या कितीतरी आधी.

नांदेडच्या एका रद्दीवाल्याकडे मला ‘यमुनापर्यटन’ची एक प्रत मिळाली. नंतरच्या कुठल्या तरी आवृत्तीची, पहिली पानं गेलेली, वाळवीनं कडा कुरतडलेली. मागच्या कोऱ्या पानावर कोणीतरी धोब्याचा हिशेब मांडला होता: लुगडी दोन, चादर एक, सदरे तीन. आणि आत समासात पेन्सिलीच्या बारीक खुणा.

‘यमुनापर्यटन अथवा हिंदुस्थानांतील विधवांच्या स्थितीचे निरूपण’ हे पुस्तक १८५७ साली निघालं. मराठीतली पहिली स्वतंत्र कादंबरी म्हणून आज आपण ते परीक्षेपुरतं पाठ करतो आणि वाचत नाही. बाबा पदमनजी तेव्हा सव्वीस वर्षांचे होते. बेळगावचे, जातीनं कासार. मिशनच्या शाळांत शिकले, मुंबईत परमहंस मंडळीत गेले. जातिभेद मोडायचा पण गुपचूप, अशी ती सभा. त्यांना ते गुपचूपपण पुरलं नसावं. ३ सप्टेंबर १८५४ रोजी बेळगावात त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पुढे ‘अरुणोदय’ (१८८८) या आत्मचरित्रात त्यांनी ही सगळी उलघाल मांडली आहे. ते ज्यांनी वाचलं आहे त्यांना ‘यमुनापर्यटन’ प्रचारकी म्हणून बाजूला सारणं जड जाईल. आणखी एक गोष्ट या माणसाविषयी ध्यानात ठेवावी. मोल्सवर्थच्या अवाढव्य मराठी-इंग्रजी कोशाचा संक्षेप १८६३ साली त्यांनीच केला. मराठीतला शब्द न् शब्द ज्याच्या हाताखालून गेला, त्याचे कान काय तयार असतील! विधवांच्या तोंडी त्यानं घातलेली भाषा म्हणूनच पुस्तकी वाटत नाही.

कथा अशी. यमुना आणि विनायकराव हे शिकलेलं जोडपं, मनानं ख्रिस्ती मताकडे झुकलेलं. दोघं प्रवासाला निघतात. वाटेत विधवा भेटतात आणि आपापली कहाणी सांगतात: केशवपन, उपासमार, दिराची वाकडी नजर, लपवलेलं गरोदरपण. मग विनायकराव अपघातात जातो आणि इतरांच्या कहाण्या ऐकणारी यमुना स्वतःच एक कहाणी होते. शेवटी ती ख्रिस्ती होते आणि तिचं दुसरं लग्न होतं.

आता पेन्सिलीच्या खुणा. या प्रतीच्या जुन्या वाचकानं (की वाचकिणीनं? लुगड्यांच्या हिशेबावरून मी बाईच धरते) धर्मोपदेशाच्या पानांवर एकही खूण केलेली नाही. खुणा आहेत त्या विधवांच्या बोलण्यावर, आणि त्याहून जास्त यमुना-विनायकाच्या आपसातल्या बोलण्यावर. नवरा-बायको एकत्र वाट चालताहेत, नवरा बायकोला तिचं मत विचारतोय आणि ती देतेय. दिवसाउजेडी वडीलधाऱ्यांसमोर नवऱ्याशी बोलणं ज्या काळात उद्धटपणा होता, त्या काळात हे छापलेलं आहे. मला विचाराल तर पदमनजींचा खरा पराक्रम इथे आहे. पुढच्या प्रवचनांत तो माणूस दमवतो. मीही ती पानं भराभर उलटली, खोटं कशाला बोलू.

१८५६च्या जुलैत विधवाविवाहाचा कायदा झाला होता. कादंबरी आली ती पुढच्याच वर्षी. त्या कायद्यातलं एक कलम फारसं कोणी सांगत नाही: पुनर्विवाह केला की पहिल्या नवऱ्याच्या मालमत्तेवरचा हक्क गेला. शिवाय हा कायदा कंपनीच्या मुलखाचा. हिंगोली-वसमत निजामाकडे, तिथे त्याचं काय! आणि कायद्यानं लग्न कायदेशीर होतं. लग्न लावायला भटजी आणि पंगतीला माणसं कायदा कुठून आणणार? १८६९ साली मुंबईत वेणूबाईंचा पांडुरंग विनायक करमरकरांशी पुनर्विवाह झाला तेव्हा संबंधितांवर बहिष्कार पडला, आणि पुढच्याच वर्षी पुण्यात शंकराचार्यांपुढे वाद रंगला. यमुनेला पदमनजींनी दुसरं लग्न बारा वर्षं आधी देऊन टाकलं, पण धर्माचा उंबरठा ओलांडून. तिला नवरा हवा तर देव बदलावा लागला.

हे वाक्य लिहून मी कितीतरी दिवस थांबले होते. मग हिंगोली मदतीला आली.

हिंगोलीला निजामाच्या हैदराबाद कंटिन्जंट फौजेची छावणी होती. आज गावातल्या फार थोड्यांना त्याचं काही वाटतं. गावचा दसरा म्हटलं की डोळे चमकतात, छावणी म्हटलं की नाही. या फौजेतला एक अधिकारी म्हणजे फिलिप मेडोज टेलर (१८०८–१८७६). पोरवयात लिव्हरपूलहून मुंबईच्या एका व्यापाऱ्याकडे आला, तिथलं काही जमलं नाही आणि निजामाच्या नोकरीत शिरला. त्याची ‘कन्फेशन्स ऑफ अ ठग’ (१८३९) प्रसिद्ध आहे. तिच्या प्रस्तावनेत हिंगोलीचा एक किस्सा आहे. छावणीच्या बाजारात हरीसिंग नावाचा प्रतिष्ठित व्यापारी होता. खुद्द टेलरचा त्याच्याशी देण्याघेण्याचा व्यवहार. या हरीसिंगानं एकदा मुंबईहून कापड आणायचं म्हणून साहेबाकडून रीतसर परवाना घेतला. कापड वाटेवर होतं हे खरं, पण ते होतं दुसऱ्याच व्यापाऱ्याचं. हरीसिंगानं त्या व्यापाऱ्याला, त्याच्या नोकरांना आणि गाडीवानांना गळफास देऊन मारलं, माल परवान्यावर हिंगोलीत आणला आणि छावणीत उघड विकला. पकडला गेल्यावर त्यानंच हे सांगितलं, आणि तेही मोठी गंमत केल्यासारखं. हिंगोलीचे साहेब लोक त्या कापडाचे सदरे घालून फिरले असतील.

मी टेलरकडे गेले ती या ठगासाठी. अडकले मात्र ‘तारा’त. १८६३ साली तीन खंडांत आलेली ही कादंबरी शिवकाळातली, अफजलखानाच्या स्वारीच्या भोवतालची. टेलर आधी नळदुर्ग भागाचा कारभार पाहत होता, तुळजापूर त्याच्या पायाखालचं. आणि त्याची नायिका कोण? तुळजापूरच्या शास्त्र्याची मुलगी, बालविधवा. भवानीच्या सेवेत वाहिलेली. तिच्यावर जीव जडतो तो अफजलखानाच्या मुलाचा, फाजलचा. सती जायला निघालेल्या ताराला तोच वाचवतो आणि शेवटी दोघांचं लग्न होतं. शिवाजी महाराजांच्या काळावरची कादंबरी आणि तिचा नायक फाजल! आज कोणी मराठीत असं लिहायला धजेल असं वाटत नाही.

पुन्हा तेच. विधवा, दुसरं लग्न आणि धर्माची वेस. पदमनजींची यमुना ख्रिस्ती होऊन संसार मांडते, टेलरची तारा मुसलमानाच्या घरात जाऊन. टेलरनं १८७२ साली ‘सीता’ लिहिली, तिची नायिकाही विधवा, आणि तिचा हात धरतो तो इंग्रज अधिकारी. मात्र इथे लेखकाचा हात आखडला. सीता मरते आणि साहेबाला गोरी बायको मिळते. फाजलला जे दिलं ते टेलरला आपल्या भाईबंदाला देववलं नाही. गंमत म्हणजे टेलरची स्वतःची बायको मेरी ही हैदराबादचे सावकार विल्यम पामर यांची मुलगी, आणि पामरांची आई हिंदुस्थानातली मुसलमान बाई. घरात जे चाललं ते कादंबरीत चालेना.

१८५७ साली टेलरची बदली वऱ्हाडात बुलढाण्याला झाली. म्हणजे ‘यमुनापर्यटन’ छापखान्यातून बाहेर पडत होतं तेव्हा हा गृहस्थ वाशीमच्या पलीकडे बसला होता. दोघांनी एकमेकांचं काही वाचलं असेल असं मी म्हणत नाही. पण एकाच मुलखातल्या दोन माणसांना, एक कासाराचा मुलगा आणि एक लिव्हरपूलकर, गोष्ट सांगायला बसल्यावर विधवाच दिसावी आणि तिच्या लग्नासाठी दोघांनाही हिंदू घराचा दरवाजा बाहेरून लावून घ्यावा लागावा, याला मी योगायोग म्हणणार नाही.

दरवाजाच्या आत राहिलेल्या विधवेची गोष्ट तेहेतीस वर्षांनी आली. हरि नारायण आपट्यांनी १८९० साली ‘करमणूक’ काढलं आणि त्यात ‘पण लक्षात कोण घेतो!’ क्रमशः सुरू केली. तिच्या नायिकेचं नावही यमुनाच. यमूचा नवरा रघुनाथही बायकोशी बोलणारा, तिला शिकवणारा. मुंबईतला त्यांचा थोडका संसार म्हणजे मराठीतली सर्वांत गोड प्रेमकथा आहे, हे माझं मत मी कुणाला बदलू देणार नाही. तोही मरतो. मग सासरचे शंकरमामंजी आणि केशवपनाला न्हावी. या यमूला ना दुसरं लग्न, ना दुसरा देव. ती झिजून जाते. आपट्यांची कादंबरी पदमनजींच्या कादंबरीहून कितीतरी सरस, यात वाद नाही. पण आत्याच्या शेजारी बसून मला वाटायचं ते हे, की वाचणाऱ्या विधवेला ह्या यमूनं रडवलं, त्या यमुनेनं वाट दाखवली. रडणं आपल्याला सोयीचं होतं म्हणून ही यमू अभ्यासक्रमात आली.

सोवळ्या प्रेमकथेचा मराठीतला कळस मात्र कादंबरीत नाही. नारायण वामन टिळकांनी १८९५च्या फेब्रुवारीत बाप्तिस्मा घेतला आणि त्यांची बायको लक्ष्मीबाई काही वर्षं त्यांच्यापासून वेगळ्या राहिल्या, नवरा जिवंत असून. त्या परत गेल्या त्या नवऱ्याकडे आधी आणि ख्रिस्ताकडे नंतर. लक्ष्मीबाईंचं आत्मचरित्र ‘स्मृतिचित्रे’ वाचताना मला तरी हाच क्रम दिसतो. जॅनेट ओकच्या शंभर वाचकिणी हे पुस्तक हातात धरून रडतील, जर कोणी त्यांना सांगितलं की इथली नायिका हसवतेसुद्धा.

हा लेख लिहायला घेतला तेव्हा आत्या नव्हती. २०२२च्या मे महिन्यात कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं कुंकू पुसण्याची, बांगड्या फोडण्याची प्रथा बंद करायचा ठराव केला आणि सरकारनं तसं परिपत्रक काढलं, तेव्हा मला त्या ओसरीवरची एक दुपार आख्खी आठवली. मार्टीची गोष्ट आत्याच्या कुंकवापाशी संपलेली नव्हती.

निवडायला येणाऱ्यांत एक मावशी होत्या. त्यांचा मोहतूर, म्हणजे पुनर्विवाह, झालेला. पहिला नवरा गेल्यावर वर्षाच्या आत त्यांच्या भावांनी त्यांचा पाट लावला होता. त्यांच्यात ती रीतच. त्या पाटाला पदमनजी लागले नाहीत, कायदा लागला नाही, शंकराचार्य तर नाहीतच. अंधारात, चार माणसांत उरकलेलं लग्न, वाजंत्रीशिवाय. आपल्याकडच्या या कादंबऱ्यांतल्या बहुतेक विधवा वरच्या जातींतल्या असतात, त्याचं कारण ह्या मावशींसारख्यांचा प्रश्न वेगळाच होता. त्यांना लग्न मिळायचं. लग्नाचा मान मिळायचा नाही.

आत्या निवडायला लागली तशा या मावशी सुपातला कचरा फुंकत म्हणाल्या, ‘त्या गोरीला लेकरू व्हतं का?’

सिस्टरबाई म्हणाल्या, ‘पोटात होतं.’

‘मग बराबर केलं तिनं,’ मावशी म्हणाल्या आणि सूप पुढच्या पोत्याकडे सरकवलं.