शिंगाचा कर्करोग कसा ओळखावा

आमच्या दावणीचा पांढरा बैल वारंवार डोके झटकू लागला व उजवे शिंग गव्हाणीस घासू लागला, तेव्हा झुंजीत मार बसला असेल असे समजून आम्ही हळद-तेलावर महिना घालविला. (जन्मभर सातबारे वाचले, पण शिंग वाचता येईना!) पुढे त्याच बाजूच्या नाकपुडीतून रक्तमिश्रित स्राव येऊ लागला व शिंग खाली कलले, तेव्हा कोठे पशुवैद्यांस बोलाविले.

हा रोग शिंगाच्या आतील पोकळीच्या नाजूक अस्तरात उपजतो व हाडाचा गाभा पोखरतो. म्हणून वरून शिंग बरेच दिवस धड दिसते. 5 ते 10 वर्षांच्या बैलांत तो विशेष आढळतो, गाईंत कमी. बुंधा दाबल्यास मऊ व ऊन लागतो, जनावर डोके मागे ओढते. टिचकी मारल्यास पोकळ नादाऐवजी बद्द आवाज निघतो. शिंग कापले असता आत फुलकोबीसारखे, सहज रक्ताळणारे मांस दिसते. सूक्ष्मदर्शकाखाली त्यात शिंगासारख्याच कठीण द्रव्याचे, मोत्यांप्रमाणे गोल थर आढळले, की निदान पक्के.

आरंभीच शस्त्रक्रियेने शिंग मुळापासून काढल्यास बैल वाचण्याचा संभव पुष्कळ. शिंग गळून जखमेत किडे पडल्यावर तो थोडाच. पोळ्यास शिंगे रंगविताना दोन्ही बुंधे चाचपून पाहावे. आम्हांस तो महिना भोवला. यंदा आमच्या दारी पोळ्यास जोडीतील एकच बैल सजला.